वाचक विचारतात : दादा, बडग्या आणि पिशवीतली कविता

प्रश्न : चित्रकलेच्या इतिहासात 'दादा' नावाची चळवळ आहे म्हणे. हा दादा म्हणजे थोरला भाऊ की गल्लीतला? (एक वाचक, महाल)

दोन्ही नाही. फ्रेंच पोरं काठीच्या घोड्याला दादा म्हणतात. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी नंदी घेऊन निघतात, त्याचाच भाऊबंद समजा. रुमानियन भाषेत 'दा, दा' म्हणजे 'हो, हो'. हे नाव कुणाला कसं सापडलं, यावर त्या मंडळींनीच इतक्या परस्परविरोधी कथा सांगितल्या आहेत की एकीवरही विसंबू नये.

चळवळ सुरू झाल्याची जागा आणि तारीख मात्र पक्की : झुरिचमधल्या श्पीगेलगासे या गल्लीतला 1 क्रमांक, 5 फेब्रुवारी 1916. ह्यूगो बाल आणि एमी हेनिंग्ज या जोडप्यानं तिथं 'कॅबरे व्होल्तेर' हे गाण्या-कवितांच्या कार्यक्रमांचं ठिकाण सुरू केलं. स्वित्झर्लंड पहिल्या महायुद्धात तटस्थ होता, म्हणून युद्ध टाळून आलेले कवी-चित्रकार तिथं जमले : रुमानियाचे त्रिस्तान त्झारा आणि मार्सेल यान्को, अल्सासचा हान्स आर्प, जर्मनीचा रिखार्ड ह्यूल्सेनबेक, आणि मूळची स्विसच असलेली सोफी टॉयबर. कॅबरे उघडून 16 दिवस होत नाहीत तोच फ्रान्समध्ये व्हर्दनची लढाई पेटली. हा नरसंहार ज्या सुसंस्कृत युरोपानं मांडला, त्याची सुसंस्कृत कविता आणि सुबक चित्रं या मंडळींना नको झाली होती. जूनमध्ये बाल पुठ्ठ्याच्या चकचकीत निळ्या नळकांड्यात शिरून निव्वळ ध्वनींच्या कविता म्हणायला उभा राहिला. त्या पोशाखात पाय हलेना, म्हणून त्याला उचलून मंचावर आणावं लागलं.

प्रश्न : द्यूशाँनं मुतारी मांडली ती कला. मग आमच्या प्रदर्शनात मी झाडू ठेवला तर? (चित्रकलेची विद्यार्थिनी, धरमपेठ)

ठेवा, पण आधी त्या मुतारीनं काय मोडलं ते पाहा. 1917 साली न्यूयॉर्कमध्ये एका संस्थेनं जाहीर केलं होतं : 6 डॉलर भरा, कलाकृती मांडा, निवड समिती नाही. फ्रेंच चित्रकार मार्सेल द्यूशाँ स्वतः त्या संस्थेच्या संचालकांत होता. त्यानं चिनी मातीची तयार मुतारी पाठीवर आडवी केली, 'आर. मट 1917' अशी सही केली आणि 'फाउंटन' नावानं पाठवली. संस्थेला आपलाच नियम झेपेना, वस्तू मांडली गेली नाही आणि द्यूशाँनं राजीनामा दिला. मूळ वस्तू पुढं हरवली. उरलं ते आल्फ्रेड स्टिग्लिट्झनं काढलेलं छायाचित्र. संग्रहालयांत आज दिसतात त्या बहुतेक 1964 साली केलेल्या प्रती. तुमच्या झाडूनं कुणाचा कुठला नियम उघडा पडतो, ते आधी ठरवा. तसा नियम नसेल तर तो कोपऱ्यात विसरलेला झाडूच दिसेल, आणि शिपाई तो उचलून नेईल.

प्रश्न : मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे म्हणजे आपला दादाच नाही का? (एक वाचक, इतवारी)

नातं जोडायचा मोह होतो खरा. 1920 साली बर्लिनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय दादा जत्रेत जॉन हार्टफील्ड आणि रुडोल्फ श्लिख्टर यांनी लष्करी गणवेशातला, डुकराच्या तोंडाचा पुतळा छताला टांगला होता. लष्कराचा अपमान झाला म्हणून खटला चालला, दंडही झाला. आपला बडग्या, म्हणजे नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीतला पुतळा, चालू प्रश्नांवर पुढाऱ्यांची अशीच खिल्ली उडवतो. पण मारबतीबरोबर इडापिडा गावाबाहेर जाते, बडग्या जाळला जातो, गाव मोकळं होतं. बर्लिनवाल्यांना तो पुतळा डोक्यावर लटकत राहायला हवा होता. त्याच जत्रेत हाना ह्योखची कात्रणचित्रं होती. तिच्या पुरुष सहकाऱ्यांपैकी काहींना ती तिथं नकोच होती. बंडखोरांच्या घरातही हे चालायचंच.

प्रश्न : नववीच्या वर्गाकडून 40 मिनिटांत दादा पद्धतीचं काही करून घेता येईल का? (एक शिक्षिका, सीताबर्डी)

त्झारानं 1920 साली कृतीच लिहून ठेवली आहे. कविता जेवढी हवी तेवढा वर्तमानपत्रातला मजकूर निवडायचा, शब्द कापून पिशवीत टाकायचे, हलक्या हातानं हलवायचे, एकेक काढून त्याच क्रमानं उतरवायचे. चौघांच्या गटाला 60 ते 70 शब्द पुरेत. त्याहून जास्त घेतले तर तास कापण्यातच संपतो.

मराठीत अडचण निराळी. ओळींतली जागा कमी असते, त्यामुळे घट्ट कापलं की वरचा रफार, अनुस्वार नाहीतर खालचा उकार जातो आणि 'कुल'चं 'कल' होतं. म्हणून बातमी मोठ्या आकारात झेरॉक्स करून घ्या आणि वर-खाली 3 मिलिमीटर सोडा. विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटलेले असतात, ते तोडू नका. 'घरातून' अखंड पिशवीत गेलं तर क्रम कितीही विस्कटला तरी ओळीत व्याकरणाचा भास राहतो, आणि गंमत त्या भासातच आहे. क्रियापद पहिलंच आलं तर येऊ द्या. मुलं हळूच दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल करून अर्थ लावतील. तिथं थांबवा, नाहीतर हाती येते ती साधीच, जरा वाईट कविता.

पिशवी कापडाची घ्या. आपल्या कोरड्या हवेत प्लॅस्टिकला चिठ्ठ्या चिकटून बसतात. पंखा बंद करावा लागेल, तेव्हा हा तास एप्रिलमध्ये ठेवू नका.

चिठ्ठ्याच चिकटवायच्या असतील तर खळ किंवा पातळ केलेला फेविकॉल नको : वर्तमानपत्राचा कागद पाणी पितो, फुगतो आणि वाळताना सुरकुततो. कोरडी डिंककांडी पाठीमागं कडेपर्यंत फिरवा. पुठ्ठा पातळ असेल तर त्याच्या मागच्या बाजूलाही तेवढाच कागद चिकटवा, नाहीतर एका बाजूनं ओढला जाऊन तो कमानीसारखा वाकतो. मग जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवा.