गाइडमधलं कुठलं चिन्ह कागदाचं आणि कुठलं पडद्याचं?

तुमचा प्रश्न असा: दुकानात बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं, सोबत यूजर गाइडची पीडीएफ आली, इंग्रजी वाचता येतं, तरीही बाण, कंस, जाड अक्षरं आणि तीन टिंबं यांत अडकायला होतं. ही चिन्हं समजून कशी घ्यायची?

मी बडोद्याची. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यासाठी बरीच वर्षं अशीच गाइडं लिहिली. घरी मराठी, कारखान्यात गुजराती आणि कागद इंग्रजीत. त्यामुळे वाचणारा नेमका कुठे थांबतो हे रोज समोर दिसायचं.

एक गोष्ट आधी पक्की करा. गाइडच्या पानावर दोन जातींची चिन्हं एकत्र नांदतात. काही तुमच्या स्क्रीनवर जशीच्या तशी असतात, उदाहरणार्थ दातेरी चाक, घंटा, तीन आडव्या रेघा. बाकीची लेखकाने तुम्हाला सांगण्यासाठी पानावर घातलेली असतात आणि स्क्रीनवर ती कितीही शोधली तरी मिळणार नाहीत. लोक अडतात ते बहुतेक वेळा या दुसऱ्या जातीपाशी.

रावपुऱ्यात आमच्या ओळखीच्या एका काकांचं दुकान आहे. बॅकअपच्या फाइलला काय नाव द्यायचं, तर त्यांच्या गाइडमध्ये छापलं होतं: बॅकअप_<तारीख>. काकांनी कंसासकट टाइप केलं. विंडोज फाइलच्या नावात < आणि > घेतच नाही, त्यामुळे दर वेळी 'हे नाव चालत नाही' असाच निरोप येत राहिला. अख्खी दुपार गेली आणि काकांना वाटलं, कॉम्प्युटरच बिघडला. चूक त्यांची नव्हती. कोनी कंस म्हणजे 'इथे तुमची माहिती भरा, कंस गाळा', हे गाइडने कुठेतरी सांगायला हवं होतं. चौकोनी कंस कमांडच्या (टाइप करून द्यायच्या हुकमाच्या) ओळीत आला तर 'एवढं नाही दिलं तरी चालेल' आणि उभी रेघ | म्हणजे 'यातलं एकच निवडा'. काही गाइडं मात्र चौकोनी कंसात बटणाचं नाव लिहितात, [ओके] असं. तुमच्या गाइडात कुठला अर्थ लागू आहे ते सुरुवातीलाच, अनुक्रमणिकेच्या आसपास, 'कन्व्हेन्शन्स' किंवा 'अबाउट धिस गाइड' नावाच्या पानावर बहुधा दिलेलं असतं. ते पान सगळे ओलांडून जातात. तुम्ही तिथूनच सुरुवात करा.

अधिकचं चिन्हही कागदाचंच. 'कंट्रोल + पी' म्हणजे कंट्रोल दाबून धरायचं आणि पी दाबायचं. दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या आत्याने लाइटबिल छापताना कंट्रोल धरलं आणि मधलं + सुद्धा इमानेइतबारे दाबलं. ब्राउझरमध्ये त्याने पान मोठं होतं. तीन वेळा केल्यावर बिल स्क्रीनमध्ये मावेनासं झालं. (तुमचं असं झालंच तर कंट्रोल धरून शून्य दाबा, पान मूळ मापावर येतं.) अधिकाच्या जागी स्वल्पविराम असेल तर कळा एकामागून एक, सोडत सोडत दाबायच्या. एक्सेलमध्ये ऑल्ट, एच, ओ, आय असं दाबलं की निवडलेल्या कॉलमची रुंदी मजकुराएवढी होते.

आता तो बाण. 'गेटवे ऑफ टॅली > डिस्प्ले मोअर रिपोर्ट्स > ट्रायल बॅलन्स' ही टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधली ओळ पत्त्यासारखी वाचा. आमच्या जुन्या शहरातल्या मांडवीतून आत, मग पोळ म्हणजे गल्ली, मग खडकी म्हणजे तिच्या आतलं घरांचं छोटं आवार, मग घर. खडकी मांडवीच्या नाक्यावरून दिसत नाही, पोळीत शिरल्यावरच दिसते. तसं ट्रायल बॅलन्स पहिल्या मेनूत शोधू नका, दुसरं दार उघडल्यावर ते समोर येईल. आणि मधलं एखादं दार सापडलंच नाही, तर गाइड दुसऱ्या आवृत्तीचं असण्याचा संभव मोठा. हाच रिपोर्ट टॅलीच्या आधीच्या ईआरपी ९ मध्ये नुसत्या 'डिस्प्ले'खाली होता. सॉफ्टवेअरच्या 'हेल्प' किंवा 'अबाउट'मध्ये आवृत्तीचा आकडा असतो, तो गाइडच्या पहिल्या पानावरच्या आकड्याशी ताडून पाहा.

जाड अक्षरातला शब्द म्हणजे बहुधा स्क्रीनवरचं नाव: बटण, मेनू, रकाना. टाइपरायटरसारख्या अक्षरातला मजकूर म्हणजे तुम्ही टाइप करायचा किंवा कॉम्प्युटर दाखवेल तो. स्क्रीनच्या चित्रावरचे गोलातले १, २, ३ कागदाचे. त्यांचा खुलासा चित्राखाली असतो.

पडद्यावरच्या चिन्हांत मला सगळ्यात उपयोगी वाटतात ती नावापुढची तीन टिंबं. 'सेव्ह' दाबलं की काम लगेच होतं. 'सेव्ह ॲज...' दाबलं की आधी खिडकी उघडते आणि ती तुम्हाला काही विचारते. म्हणजे टिंबं दिसली तर न घाबरता दाबा, अजून मागे फिरता येतं. नावाशिवायची एकटी तीन उभी टिंबं (⋮) वेगळी: जागेअभावी आत ठेवलेल्या गोष्टी तिथे असतात. तीन आडव्या रेघा (☰) म्हणजे मुख्य मेनू. हे चिन्ह नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्स स्टार या संगणकासाठी काढलं, तो १९८१ मध्ये बाजारात आला. यादीचं चित्र म्हणून तीन रेघा, एवढी साधी कल्पना. मॅकच्या गाइडमधलं ⌘ सुझन केअर यांनी निवडलं. स्वीडनमध्ये प्रेक्षणीय ठिकाण दाखवायला रस्त्याकडेला जी खूण असते, तिच्यावरून ते घेतलं. चिन्हामागचं मूळ कळलं की ते डोक्यात बसतं, निदान माझ्या तरी.

गोल आणि चौकोन यांतला फरकही मुद्दाम सांगते. छोटे चौकोन असतील तर हवे तितके निवडा. छोटे गोल असतील तर एकच. त्यांना रेडिओ बटण म्हणतात, कारण गाड्यांतल्या जुन्या रेडिओवर एक बटण दाबलं की आधीचं वर यायचं. नावापुढची लाल चांदणी (*) म्हणजे तो रकाना भरावाच लागेल. फिकट करडं बटण म्हणजे आत्ता ते चालणार नाही, आधी काहीतरी बाकी आहे. काही कॉपी केलंच नसेल तर 'पेस्ट' करडं असतं. बिलिंगमध्ये मात्र आणखी एक कारण असतं: गाइडमधली चित्रं मालकाच्या लॉगिनची असतात आणि तुम्ही काउंटरच्या लॉगिनने बसलेले असता, ज्याला तेवढी परवानगी दिलेली नसते. एखाद्या चिन्हाचं नावच माहीत नसेल तर माउस त्याच्यावर थोडा वेळ धरा, नाव उमटतं. फोनवर बऱ्याच ॲपमध्ये बोट दाबून धरल्यावर तेच होतं.

'कॉशन' किंवा 'वॉर्निंग'ची चौकट पायरीच्या खाली छापलेली असली, तरी पायरी करण्याआधी वाचा. बिलिंगच्या गाइडमध्ये तिचा अर्थ बहुतेक वेळा 'इथे नोंदी पुसल्या जाऊ शकतात' असा असतो. हे मी कळकळीने सांगतेय.

गाइड मराठी असेल तर आणखी एक अडचण येते, आणि ती मी स्वतः निर्माण केलेली आहे. सयाजीरावांच्या या गावात १८९० मध्ये कलाभवन निघालं, तंत्राचं शिक्षण लोकांच्या भाषेत मिळावं म्हणून. तोच ध्यास माझ्याही मनात होता, म्हणून पहिल्या मराठी पुस्तिकेत मी सगळं मराठी केलं. 'सेव्ह'चं 'जतन करा', 'कॅन्सल'चं 'रद्द करा'. स्क्रीन मात्र इंग्रजीच होती. वाचणारे 'जतन करा' शोधत बसले. पुढच्या आवृत्तीत समजावणं मराठीत ठेवलं आणि बटणांची नावं स्क्रीनवर जशी दिसतात तशी. तुमच्या हाती माझ्या पहिल्या पुस्तिकेसारखं गाइड आलं, तर बटणाची जागा आणि चित्र यांवर विसंबा, शब्दावर नको.

रावपुऱ्याचे काका आता लागणारी पानं छापून घेतात आणि काम सुरू करण्याआधी कागदाच्या चिन्हांना पेन्सिलने गोल करतात. गोलातलं काही टाइप करायचं नाही. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला तो मुलीच्या साखरपुड्याचं सांगायला.