लेझर वाढवला की पीईजीचं (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, एक पॉलिमर) सरासरी वस्तुमान कमी का दिसतं?

नमुना तोच, मग माल्डीत (लेझरने रेणूंचे आयन करून वस्तुमान मोजण्याची पद्धत) आकडा का घसरतो? बहुधा लेझर जास्त झालाय. पॉलिमरच्या साखळ्या तुटतात, हलके आयन डिटेक्टर संपृक्त करतात आणि मागून येणाऱ्या जड आयनांचा सिग्नल दबतो. शिखरं जेमतेम दिसू लागतील तिथपासून किंचितच वर ठेवा. लेझरची तीव्रता बदलून मोजणी पुन्हा घ्या. सरासरी सरकली तर दोष यंत्रस्थितीचा.

शिखरांतलं अंतर ४४ (साखळीतल्या एका एककाचं वस्तुमान) हवं. १६ ने पुढे दुसरी मालिका दिसली तर ते साखळीला सोडियमऐवजी चिकटलेलं पोटॅशियम, बहुतेक काचेच्या भांड्यांतलं. प्लास्टिकच्या नळ्या वापरा.

सांगलीच्या पावसाळ्यात नमुन्याचा ठिपका सावकाश वाळतो, स्फटिक मोठे आणि विरळ होतात. म्हणून एकाच जागी नको, ठिपकाभर फिरवून लेझरचे शॉट घ्या. डिस्पर्सिटी (साखळ्यांच्या वस्तुमानांचा विखुरलेपणा) १.२ च्या वर असेल तर मात्र जीपीसीच (साखळ्या आकारानुसार वेगळ्या करणारी पद्धत) बरी.