वाचकांचे प्रश्न : ज्या राज्यात संसर्ग जास्त, तिथली रुग्णालये वाईट का?

प्रश्न : माझ्या सासूबाई गेल्या वर्षी न्यूमोनियामुळे एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात १८ दिवस होत्या. न्यूमोनिया बरा झाला, पण दहाव्या दिवशी लघवीच्या नळीमुळे संसर्ग झाला. तेव्हापासून नातेवाईक सांगतात की काही राज्यांत असे संसर्ग फार होतात, काही राज्यांत जवळजवळ नाहीतच. हे खरे आहे का? त्यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दुसऱ्या राज्यात जावे का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : प्रदेशानुसार फरक असतात हे खरे, पण त्यावरून रुग्णालय निवडायला निघालात, तर फसगत होण्याचीच शक्यता अधिक. दाखल होताना अंगात नसलेला आणि साधारण ४८ तासांनंतर उद्भवलेला संसर्ग रुग्णालयात जडला, असे मानतात. अमेरिकेत अशा संसर्गांचे राज्यनिहाय आकडे प्रसिद्ध होतात. आपल्याकडे प्रत्येक रुग्णालयाने ते कळवलेच पाहिजेत, अशी देशभर सक्ती नाही. जे आकडे हाती येतात ते मोजदादीत सामील झालेल्या, बहुतांशी मोठ्या आणि शहरी रुग्णालयांचे असतात. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने चाललेल्या एका मोजदादीत मे २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या काळात देशातली २६ रुग्णालये आणि त्यांचे ८९ अतिदक्षता विभाग होते. आपल्या देशाच्या मानाने हे काम मोठेच आहे, पण त्यावरून राज्याराज्यांची क्रमवारी लावता येत नाही, कारण एखाद्या राज्याचा म्हणून सांगितला जाणारा आकडा तिथल्या एक-दोन रुग्णालयांचाच असू शकतो.

शिवाय मोजणी कशी होते तेही पाहावे लागते. मुख्य रक्तवाहिनीत नळी घातलेला एक रुग्ण एक दिवस राहिला की तो एक नळी-दिवस, आणि दर १००० नळी-दिवसांमागे किती संसर्ग झाले ते मोजले जाते. समजा, दोन रुग्णालयांत महिन्याला प्रत्येकी १० संसर्ग झाले, पण एकाचे नळी-दिवस २००० आणि दुसऱ्याचे ५०० असतील, तर पहिल्याचा दर ५ येतो आणि दुसऱ्याचा २०. वर सांगितलेल्या मोजदादीत हा दर नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांत सर्वाधिक, म्हणजे २० हून अधिक होता. त्यामुळे ज्या शहरात असे विभाग जास्त, ते शहर या आकड्यांत आपोआप वाईट दिसणार.

प्रदेशाचा खरा फरक दाखवणारे मला पटलेले उदाहरण कँडिडा ऑरिस या बुरशीचे आहे. ती २००९ मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानातून प्रथम ओळखली गेली. २०११-१२ च्या सुमारास भारतातील २७ अतिदक्षता विभागांत रक्तात कँडिडा गटातली बुरशी आढळलेल्या १४०० रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा १९ विभागांतल्या ७४ रुग्णांत ही नवी जात निघाली. उत्तर भारतातल्या आणि सरकारी रुग्णालयांत तिचे प्रमाण लक्षणीय जास्त होते. नेहमीची यंत्रे त्या काळी या बुरशीला दुसऱ्याच जातीचे नाव देत असत. इथे मात्र नमुने चंदीगडच्या एकाच संदर्भ प्रयोगशाळेत तपासले गेले, म्हणून ‘एकीकडे तपासणी झाली, दुसरीकडे झाली नाही’ अशी शंका उरत नाही. तरीही याचे कारण उत्तरेच्या हवेत शोधायचे नाही. ही बुरशी कातडीवर, पलंगाच्या कठड्यावर, रक्तदाबाच्या पट्ट्यावर दीर्घकाळ तग धरते, आणि एका परिचारिकेकडे अनेक रुग्ण असलेल्या भरगच्च विभागात ती एका खाटेवरून दुसरीकडे सहज जाते.

तुमच्या मिरजेचेच पाहा. तिथे सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण येतात, आणि त्यांतले काही आधी दुसरीकडे आठवडा-दोन आठवडे राहून, भरपूर प्रतिजैविके घेऊन आलेले असतात. त्यांच्या आतड्यात किंवा कातडीवर आलेला जंतू पुढे रक्तात शिरला, तर त्याची नोंद मिरजेत, म्हणजे महाराष्ट्राच्या खात्यावर होते. रोगजंतूंचा प्रवास रुग्ण पाठवण्याच्या वाटांनी होतो. राज्याच्या हद्दी त्यांना ठाऊक नसतात.

म्हणून सासूबाईंच्या शस्त्रक्रियेसाठी परराज्यात जाण्याचे कारण मला दिसत नाही. जिथे शस्त्रक्रिया करणार तिथे विचारा की संसर्ग नियंत्रणासाठी स्वतंत्र परिचारिका आहे का, आणि गेल्या वर्षी सांधेरोपणानंतर किती जखमा चिघळल्या. ‘आमच्याकडे एकही जखम चिघळली नाही’ असे उत्तर आले, तर मी अधिक सावध होईन, कारण तिथे बहुधा कुणी मोजतच नसावे. लघवीची नळी घातलीच, तर ‘आज ती काढता येईल का?’ हे रोज सकाळच्या फेरीला विचारत जा.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात असे संसर्ग फारसे ऐकू येत नाहीत. मग छोटी रुग्णालये अधिक सुरक्षित समजावीत का?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : तिथे व्हेंटिलेटर आणि नळ्या कमी, मुक्काम थोडा, त्यामुळे धोका काही अंशी खरोखरच कमी असतो. पण ऐकू न येण्याचे दुसरेही कारण आहे. शस्त्रक्रियेच्या जखमेवर किमान ३० दिवस लक्ष ठेवायचे असते, आणि रुग्ण तर चौथ्या-पाचव्या दिवशी घरी जातो. दहाव्या दिवशी टाक्यांतून पू आला, तर तो गावातल्याच डॉक्टरांना दाखवतो. ते गोळ्या देतात, पुवाची तपासणी होत नाही, आणि जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे हे कुणाला कळतही नाही. शक्य असेल तर अशा वेळी मूळ रुग्णालयाला फोन करून कळवावे आणि गोळ्या सुरू करण्याआधी पुवाचा नमुना द्यावा, कारण प्रतिजैविक पोटात गेल्यावर कल्चरमध्ये जंतू वाढण्याची शक्यता कमी होते.