आवड इतिहासाची, ओढ वाहतुकीची

प्रश्न: मी बारावीला कला शाखेत आहे. औद्योगिक क्रांतीवर प्रकल्प करताना इंग्लंडमधल्या कालव्यांनी आणि रेल्वेने मला झपाटून टाकलं. कोळसा तर आधीपासून होताच, मग कालव्याने नेमकं काय बदललं? मला इतिहासात बी.ए. करायचंय. बाबा म्हणतात, लॉजिस्टिक्स घे. काय करू?

उत्तर: कोळसा होता, पण खाणीपासून लांब नेला की महाग पडायचा. लादणीच्या घोड्याच्या पाठीवर जेमतेम सव्वाशे किलो माल जाई. तोच घोडा कालव्याच्या काठाने चालत तीसेक टनांची नाव ओढू शके. 1761 मध्ये वर्स्लीच्या खाणींतला कोळसा मँचेस्टरकडे नेणारा ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि तिथला कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. खाणीत साचणारं नकोसं पाणीच या कालव्यात सोडलं होतं, हा तपशील मला फार आवडतो. जोसाया वेजवुड यांनी ट्रेंट-मर्सी कालव्यासाठी खटपट केली आणि आपला मातीच्या भांड्यांचा कारखाना त्याच्याच काठी उभारला. 1777 मध्ये कालवा पूर्ण झाल्यावर इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलची माती पाण्यावरून येऊ लागली आणि तयार भांडी गाडीतल्या हादऱ्यांनी फुटायची थांबली. पुढे 1830 मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे आली. रेल्वे तर स्वतःच लोखंडाची आणि कोळशाची मोठी गिऱ्हाईक झाली.

आता तुझा प्रश्न पुन्हा वाच. भाव कशाने उतरले, कारखाना कुठे उभा राहिला, हे तुला जाणून घ्यायचंय. माझ्या मते हा कल वाहतूक अर्थशास्त्राचा आणि आर्थिक इतिहासाचा आहे. म्हणून बी.ए. अर्थशास्त्र घे, सोबत इतिहास ठेव आणि संख्याशास्त्र टाळू नकोस. पुढे वाहतूक नियोजन किंवा सार्वजनिक धोरणाकडे वळता येतं. मात्र पदव्युत्तर प्रवेशासाठी बारावीचं गणित लागतं का, हे आत्ताच तपासून घे.

बाबांची काळजी रास्त आहे. लॉजिस्टिक्समध्ये आजची मालवाहतूक चालवायला शिकवतात; मार्ग कुठून न्यावा, त्याचा खर्च कोणी उचलावा, यावर तिथे भर कमी असतो. दोन्ही अभ्यासक्रमांचे विषय बाबांसोबत शेजारी ठेवून वाचा. कुठल्या यादीतले विषय तुला आजच उघडून वाचावेसे वाटतात, ते त्यांना सांग.