वाचकांचे प्रश्न : न दिसलेला हर्बर्ट

प्रश्न : धंतोलीतील आमच्या वाचक मंडळात डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची १९०२ सालची ‘द मंकीज पॉ’ ही कथा वाचली. माकडाच्या पंजामुळे अनर्थ होणार हे आरंभीच कळते आणि भूत तर शेवटपर्यंत दिसत नाही. तरीही भीती का वाटते?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : अनर्थ होणार हे जेकब्स यांनी लपवलेलेच नाही. तीन इच्छा पुरवणारा तो पंजा आणणारा सार्जंट-मेजर मॉरिस स्वतःच सांगतो, की पहिल्या मालकाने तिसऱ्या खेपेला मरण मागितले होते. लपवले आहे ते वेगळेच. कथेच्या आरंभी थोरले व्हाइट, म्हणजे कथेतील वडील, बुद्धिबळात आपला राजा उगाच संकटात घालतात आणि चूक उमगते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. हा घरगुती तपशील समजून आपण पुढे जातो. पैसे मागितल्यावर ते आपल्याला काही दिसायचे नाहीत, असे मुलगा हर्बर्ट थट्टेने म्हणतो. त्याचे म्हणणे खरे ठरते, कारण मागितलेले २०० पौंड येतात ते यंत्रात सापडून तो मेल्याची भरपाई म्हणून.

तरी माझ्या मते कथेतील सर्वांत समर्थ पूर्वसूचना पुढे आहे. आई दुसऱ्या इच्छेने मुलाला परत मागायला लावते, तेव्हा वडील अडखळत सांगतात, की त्याला जाऊन दहा दिवस झाले आणि आपण त्याला केवळ कपड्यांवरून ओळखले होते. एवढे ऐकलेल्या वाचकाला दारावर थाप पडताच बाहेर काय उभे असेल ते सांगावे लागत नाही. ते रूप तो स्वतःच घडवतो, आणि लेखकाच्या कोणत्याही वर्णनापेक्षा ते अधिक भयंकर असते.

यापुढे जेकब्स फक्त वेळ लांबवतात. आई हात न पोहोचणारी वरची कडी काढण्यासाठी खुर्ची ओढते आणि वडील अंधारात जमिनीवर पंजा चाचपडत असतात. (नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात पावसाळ्यात फुगलेला अडसर ज्याने काढला आहे, त्याला हे क्षण किती लांब असतात ते ठाऊक असेल.) तिसरी इच्छा कोणत्या शब्दांत मागितली हे कथेत दिलेले नाही, थापा थांबतात, दार उघडते आणि समोर दिव्याच्या उजेडात निर्मनुष्य रस्ता असतो.

मंडळात पुन्हा वाचन झाले, तर बुद्धिबळाच्या डावापाशी क्षणभर थांबावे.