लेक कॉम्प्युटरची पेटी घडवतेय, तिला थांबवू का?

पत्र: "मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात बावीस वर्षं लेथवर काम करतो. मुलीला बारावी सायन्सला 74 टक्के पडले, सीईटी झालीय. तिने कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करावं असं आम्हाला वाटतं. तिने मात्र वर्षभर कॉम्प्युटरची पेटी स्वतः बनवायचं मनावर घेतलंय. ॲल्युमिनियमचे कोपरे, पितळी मुठी, पुढे निकेलचा चकचकीत पत्रा. गेल्या महिन्यात भाग प्लेटिंगला, म्हणजे विजेने धातूचा मुलामा चढवायला दिले. परत आले तेव्हा ॲल्युमिनियमवरचं निकेल पापुद्र्यासारखं सुटलं आणि पुढच्या पत्र्यावर सगळे ओरखडे उठून दिसायला लागले. साडेचार हजार पाण्यात गेले. ती रडली नाही, तीन दुकानं फिरून कारण विचारून आली. आता पुन्हा करणार म्हणते. मुलीची जात, बफिंगच्या धुळीत कशाला? तिला थांबवू का?"

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. "रडली नाही, तीन दुकानं फिरून कारण विचारून आली." काम बिघडल्यावर सामान कोपऱ्यात टाकणारी आणि दुकानदाराला शिव्या घालणारी मुलं मी खूप बघते. कारण शोधायला उन्हात फिरणारी फार थोडी. थांबवू नका.

आधी त्या बिघाडाबद्दल लिहिते, कारण माझ्या मते तिच्या शिक्षणाचं उत्तर तिथेच आहे. मुलामा ओरखडे झाकत नाही, उलट दाखवतो. आपल्याकडच्या कल्हईवाल्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. भांडं तापवून नवसागराने निर्मळ केल्याशिवाय कथील धरत नाही. निकेलचा थर साधारण 10 ते 20 मायक्रॉनचा असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वर क्रोम दिलं तर तो थर अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ. एवढ्याशा थराखाली एमरीचा, म्हणजे धातू घासायच्या कागदाचा, खोल ओरखडा कसा लपेल? एमरीचे नंबर क्रमाने चढवत जायचं, दर वेळी घासण्याची दिशा आडवी-उभी बदलायची आणि आधीच्या नंबरची रेघ पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. बफ, म्हणजे चकाकी आणणारं कापडी चाक, त्यानंतर. निम्म्याहून जास्त मेहनत प्लेटिंगच्या आधीच संपलेली असते.

ॲल्युमिनियमचं कारण वेगळं आहे. घासून उघडं केलं की हवेत क्षणात त्यावर ऑक्साइडचा पडदा येतो आणि त्यावर निकेल चिकटत नाही. म्हणून आधी झिंकेट नावाच्या द्रावणात बुडवून जस्ताचा बारीक थर द्यावा लागतो. ही पायरी राहिली किंवा नीट झाली नाही, तर पापुद्रे निघतात. तिच्या जागी मी असते तर ॲल्युमिनियमचे कोपरे ॲनोडाइझ करून घेतले असते, म्हणजे विजेने त्याच ऑक्साइडचा जाड, टिकाऊ थर मुद्दाम वाढवून. फक्त ॲनोडाइझचा थर वीज वाहू देत नाही, तेव्हा अर्थिंगचे स्क्रू बसतात त्या जागा आधीच झाकून ठेवायला सांगायचं. पितळ निकेल चांगलं घेतं. लोखंडी पत्र्यावर चकाकी हवी असेल तर सहसा आधी तांबं, मग निकेल.

आता तुमच्या विषयाकडे येते, आट्यांकडे. थर 15 मायक्रॉनचा असेल तर आट्याच्या तिरक्या बाजूंवर तो दोन्हीकडून चढतो आणि आट्याचा मधला व्यास जवळजवळ चौपटीने, म्हणजे 0.06 मिलिमीटरने बदलतो. एम-3 च्या स्क्रूला एवढं अडकायला पुरतं. त्याची सूट आधीच ठेवायची, नाहीतर प्लेटिंगआधी भोकं बुजवायची. हे तिला तुमच्यापेक्षा चांगलं कोण शिकवणार?

भोकं सगळी पॉलिशच्या आधी पाडायची, आणि मापं अंदाजाने नाही. मिनी-आयटीएक्स या लहान मापाचा मदरबोर्ड 170 बाय 170 मिलिमीटरचा असतो, 120 मिलिमीटरच्या पंख्याच्या स्क्रूंचं अंतर 105 मिलिमीटर. मुलामा दिलेल्या पत्र्यात नंतर ड्रिल घातलं की भोकाच्या कडेने थर उचलतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

तिला बारावीच्या रसायनशास्त्रातलं इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचं प्रकरण पुन्हा उघडायला सांगा. किती विजेने किती धातू बसतो हे सांगणाऱ्या फॅरेडेच्या नियमाने हिशेब केला तर दर चौरस डेसिमीटरला (10 बाय 10 सेंटिमीटरला) 4 अँपिअर प्रवाहात 15 मायक्रॉन निकेल बसायला अठरा-वीस मिनिटं लागतात. तिचा पुढचा पत्रा 400 बाय 200 मिलिमीटरचा धरला तर दोन्ही बाजू मिळून 16 चौरस डेसिमीटर, म्हणजे 64 अँपिअर. प्रवाह टोकांवर आणि कडांवर जास्त जमतो, खाचेत कमी पोचतो. म्हणून कडा किंचित गोल कराव्या लागतात. परीक्षेसाठी पाठ केलेलं सूत्र इथे तिच्या स्वतःच्या पत्र्यावर लागू पडतंय. हे तिला ज्या दिवशी दिसेल, त्या दिवशी कुठली शाखा घ्यायची हे ती स्वतःच तुम्हाला सांगेल.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं म्हणाल, तर तुमच्या पत्रात कुठेही ती प्रोग्राम लिहिते असं आलेलं नाही. तिला कॉम्प्युटर आवडतो तो वस्तू म्हणून. कुठे काय बसतं, गरम हवा कुठून निघते, कडेवर उजेड कसा पडतो, यात तिचा जीव आहे. ही आवड मेकॅनिकलची आहे, धातुशास्त्राची आहे, प्रॉडक्ट डिझाइनची आहे. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीच्या, पसंतीक्रमात मेकॅनिकल आणि मेटलर्जी वर ठेवा. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंगच्या संस्थेत मेटलर्जीची शाखा आहे. गुण कमी पडले तर बारावी सायन्सनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि तिथून पुन्हा डिग्रीला जाता येतं. यात कमीपणा मानू नका. मशीनवर हात बसलेली डिप्लोमावाली मुलं कारखान्यात पटकन पुढे जाताना मी पाहिलीत.

डिझाइनची वाट अवघड आहे, पण तिच्यासाठी खरी आहे. आयआयटी मुंबईच्या बी.डिझ. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड नावाची प्रवेश परीक्षा असते, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची वेगळी. तिथे चित्रकलेइतकंच वस्तूकडे बघण्याची नजर तपासतात. यंदा इंजिनिअरिंगला प्रवेश घेऊन पुढच्या वर्षी प्रयत्न करता येईल. त्या वर्षीचे पात्रतेचे नियम मात्र नीट वाचून घ्या.

फक्त अशा पेट्या बनवून घर चालेल, असं मी तुम्हाला सांगणार नाही. एका पेटीत महिने जातात आणि तेवढे पैसे मोजणारं गिऱ्हाईक विरळा. पण पृष्ठभाग हाताळणं ज्याला कळतं, त्याची गरज शिरोली, गोकुळ शिरगावपासून कागलच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत आहे. आपल्याकडचं कास्टिंग देशभर जातं आणि वरचं फिनिशिंग बिघडलं तर माल परत येतो, हे तुम्ही रोज बघता. हुपरीच्या चांदीलाही शेवटचं रूप झिलईवालाच देतो.

धुळीची तुमची काळजी मला पटते. पण ती मुलगी म्हणून नको, माणूस म्हणून करा. मास्क आणि चष्मा हवाच. केस बांधलेले, ओढणी नाही, फिरत्या बफजवळ सैल हातमोजे नाहीत. ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेते, म्हणून ज्या चाकावर लोखंडाच्या ठिणग्या उडतात तिथे ॲल्युमिनियम घासायचं नाही. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, घरी प्लेटिंगची टाकी मांडू देऊ नका. तांब्याच्या काही टाक्यांत सायनाइड असतं, क्रोमिक ॲसिडने कर्करोग होऊ शकतो, आणि मोरीत ओतलेलं ते पाणी शेवटी पंचगंगेला मिळतं. सांडपाण्यावर प्रक्रिया करणारं दुकान शोधा आणि मालकाची परवानगी काढून तिला दिवसभर तिथे उभं राहून बघू द्या.

दुसऱ्या पेटीच्या वेळी तिला वही ठेवायला लावा. प्रत्येक भागाचा कागदावरचा नकाशा, फोटो, खर्च आणि काय चुकलं ते. सुटलेले पापुद्रेही फेकू नका, त्याच वहीत चिकटवा. मुलाखतीत ती वही समोर ठेवली की 74 टक्क्यांबद्दल फारसं कुणी विचारणार नाही.

बावीस वर्षं तेलात उभं राहून तुम्ही तिला खुर्चीवर बसवायचं ठरवलंत, ते मला कळतं. ती आपल्यासारखीच लेथपाशी येऊन उभी राहिली म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय, तेही पत्रात दिसतं. पण ती तिथे तुमच्याकडूनच आली आहे. याच गावात चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. कोल्हापुरात हात आणि डोकं वेगळं मोजत नाहीत.

पितळी मुठी अजून टर्न व्हायच्या असतील, तर रविवारी तिला मशीनवर घेऊन जा. पहिली तुम्ही करून दाखवा, दुसरी तिला करू द्या.