वाचकांचे प्रश्न : स्कॅनरला फॉल्ट दिसत नाही, मग गाडी बंद का पडते?

प्रश्न : नमस्कार भाऊ. माझ्या पेट्रोल गाडीला अजून दोन वर्षं पण झाली नाहीत, कापसाचे पैसे आले तेव्हा घरच्यांनी हौसेनं टॉप मॉडेल घेतलं. पावसाळ्यापासून असं होतंय की चालता चालता मीटरवरचे सगळे लाइट एकदम लागतात, एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग सगळेच, मधला स्क्रीन काळा पडतो आणि स्टिअरिंग जड होतं. गाडी बंद करून परत चालू केली की सगळं नॉर्मल. आणि चार-पाच दिवस उभी राहिली की सकाळी सेल्फ नुसता टकटक करतो. सर्व्हिस सेंटरला नेली की ठेवून घेतात आणि फोन करतात, स्कॅन केलं, काही फॉल्ट नाही, घेऊन जा. एकदा बॅटरी बदलून दिली, थोडे दिवस बरी चालली, परत तेच. आता म्हणतात तुम्ही बाहेरून रिव्हर्स कॅमेरा लावलाय म्हणून वॉरंटी गेली. बायको-पोरांना घेऊन धुळ्याला जायची पण भीती वाटते, हायवेला ट्रकांच्या मध्ये स्टिअरिंग जड झालं तर? आते काय करानं भाऊ?
— एक वाचक, पारोळा

उत्तर : भाऊ, आधी भीतीचं बोलू कारण ती खरी आहे. चालत्या गाडीत असं झालं तर घाबरून चावी फिरवू नका किंवा स्टार्ट बटण दाबू नका. स्टिअरिंगची इलेक्ट्रिक मदत गेली तरी चाकं वळतात, फक्त जोर लावावा लागतो, ब्रेक पण लागतात. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पार्किंगचे इंडिकेटर चालू, हळूहळू डावीकडे घ्या आणि थांबल्यावरच बंद करा. आणि जोपर्यंत हे सुटत नाही तोपर्यंत पोराबाळांना घेऊन रात्रीचं हायवेला जाऊ नका, हे मी मनापासून सांगतोय.

आता फॉल्टचं. एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग, स्क्रीन ही सगळी वेगवेगळी युनिट आहेत, ती एकाच सेकंदाला खराब होत नाहीत. सगळे लाइट एकदम लागतात तेव्हा सगळ्यांना लागणारी एखादी गोष्ट तुटलेली असते आणि अशा गोष्टी मोजून तीन : व्होल्टेज, अर्थिंग (बॅटरीच्या मायनसची इंजिन-बॉडीशी जोड), आणि ही युनिट आपसात ज्या दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात ती कॅन लाइन. तुमच्या पत्रातलं सकाळचं टकटक बघता मी पहिल्या दोघांपासून सुरू करेन.

साधा मल्टिमीटर घ्या, काही खोलायचं नाहीये त्यामुळे वॉरंटीला पण धक्का नाही. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी लावा. 12.6 च्या आसपास व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा, त्या क्षणाला आकडा साधारण साडेनऊच्या खाली जायला नको. इंजिन चालू झालं की 13.8 ते 14.5 च्या मध्ये यायला हवा (काही नवीन गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटर चालवतो, तिथे चालता चालता थोडा कमी-जास्त होतो, ते चालतं). हे तीन आकडे तारखेसकट वहीत लिहा आणि मीटरचा फोटो काढा.

अर्थिंग बघायची पद्धत तर अजून सोपी आहे आणि मला राग याचा येतो की बरेच ठिकाणी ही पाच मिनिटांची टेस्ट करतच नाहीत. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारायचा. आकडा शून्याजवळ राहायला हवा. अर्धा व्होल्ट किंवा त्याच्या वर गेला तर मधली अर्थिंगची पट्टी कुठेतरी धरत नाहीये. हीच पिन मग बॉडीच्या बोल्टवर लावून बघा. बहुतेक वेळा काय सापडतं माहितीये, बोल्ट घट्ट दिसतो पण रिंगच्या खाली फॅक्टरीतला रंग तसाच राहिलेला असतो, नाहीतर पावसाच्या पाण्याने तिथे हिरवट-पांढरी बुरशी धरलेली असते, खड्ड्यात गाडी आदळली की क्षणभर सुटतो आणि परत चिकटतो. पावसाळ्यापासून सुरू झालं असं तुम्ही म्हणता म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

राहिलं चार-पाच दिवसांनी बॅटरी उतरण्याचं. लॉक केल्यावर गाडीतली युनिट साधारण अर्ध्या तासात झोपतात आणि मग बॅटरीतून 50 मिलिअँपिअरच्या आत करंट जायला हवा. समजा एखादं युनिट झोपतच नाही आणि 200 मिलिअँपिअर खातंय, तर 24 तासात 4.8 अँपिअर-अवर गेले, 45 अँपिअर-अवरची बॅटरी पाच दिवसात अर्ध्याच्या खाली. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, ती उष्णता बॅटरीचं आयुष्य आधीच खाऊन बसलेली असते. नवीन बॅटरी टाकली की थोडे दिवस झाकलं जातं, फॉल्ट तिथेच राहतो. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालंय असं दिसतंय.

ही टेस्ट सेंटरवाल्यांनीच करायची, पण तुम्ही समोर उभे राहा. बोनेट उघडं ठेवून त्याचं लॉक आणि दाराचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करतात म्हणजे गाडीला वाटतं सगळं बंद आहे, मग गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबायचं आणि मायनसच्या केबलवर डीसी क्लॅम्प मीटर (केबल न सोडवता करंट मोजणारं) लावायचं. जास्त दिसला तर एकेक फ्यूजच्या डोक्यावर मिलिव्होल्ट मोजत जायचं, ज्या फ्यूजवर आकडा दिसतो ती लाइन चोर. फ्यूज उपटत बसू नये, उपटला आणि परत लावला की झोपलेलं युनिट जागं होतं आणि सगळा हिशोब बिघडतो.

आता "स्कॅनमध्ये काही नाही". याची कारणं असतात. एक तर फक्त इंजिनचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, स्कॅन करतात, बाकीची युनिट बघतच नाहीत. दुसरं, बॅटरी काढली-लावली की काही गाड्यांत जुनी नोंद पुसली जाते. तिसरं, टेक्निशियन पोरगा आधी कोड (गाडीने साठवलेला फॉल्टचा नंबर) क्लिअर करतो आणि मग साहेबाला दाखवतो की काही नाही. आणि एक पैशाचं कारण पण आहे, वॉरंटीतल्या कामाची मजुरी कंपनी डीलरला ठरलेल्या तासांच्या हिशोबाने देते, कधीतरीच येणारा फॉल्ट शोधायला दिवस गेला तरी तेवढेच मिळतात, आणि कोड नसेल तर क्लेम पास होणं अवघड. टेक्निशियन पोरं वाईट नसतात, पण हा तोटा तुमच्या डोक्यावर का म्हणून?

म्हणून तुम्ही मागायचं ते हे : सगळ्या मॉड्यूलचा (म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या युनिटचा) स्कॅन रिपोर्ट, कोड पुसायच्या आधीचा, प्रिंट काढून किंवा पीडीएफ. त्यात पी-0562 असेल तर सिस्टिम व्होल्टेज कमी पडल्याची नोंद आहे. यू ने सुरू होणारे कोड, जसा यू-0100, असतील तर युनिटचा आपसातला संपर्क तुटला होता. इंजिनच्या कोडसोबत फ्रीझ फ्रेम असते, म्हणजे फॉल्ट आला त्या क्षणाला स्पीड किती, आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं. ते दिसलं की "फॉल्ट नाही" हे वाक्य कोणी म्हणू शकत नाही.

आणि जॉबकार्ड! तिथला सल्लागार "इलेक्ट्रिकल चेक करणे" एवढंच लिहितो आणि आपण सही करतो. तसं करू नका. तुमच्या शब्दात लिहायला लावा, "चालू गाडीत सर्व वॉर्निंग लाइट लागून स्टिअरिंग जड होते, सुरक्षेला धोका", किलोमीटर आणि तारीख टाकून. गाडी परत घेताना काम झालं नसेल तर समाधानाच्या रकान्यात सही करू नका, "तक्रार कायम, फॉल्ट दूर झालेला नाही" असं लिहूनच सही करा. शून्य रुपयाचं असलं तरी बिल मागा. गाडी किती दिवस आत होती ते या कागदांवरूनच सिद्ध होणार आहे, फोनवरच्या बोलण्याला उद्या काही किंमत नाही. मीटरचे लाइट लागतात त्याचा व्हिडिओ शेजारी बसणाऱ्याने काढावा, चालवताना तुम्ही नाही.

कॅमेऱ्याचं. बाहेरच्या माणसाने रिव्हर्स लाइटची वायर सोलून जोड मारला असेल तर तिथून त्रास होऊ शकतो हे मान्य करायला हवं, म्हणून तो कॅमेरा पूर्ण काढून आठ-दहा दिवस गाडी चालवून बघा. तरी पण फॉल्ट आला तर कॅमेऱ्याचा मुद्दा तिथेच संपला. सेंटरवाले तरी नाही म्हणत असतील तर शांतपणे सांगा, वॉरंटी पुस्तिकेतलं कुठलं कलम, आणि कॅमेऱ्यामुळे फॉल्ट आला हे कशावरून, दोन्ही लेखी द्या. तोंडी नकार देणारे बरेच जण लेखी मागितलं की परत गाडी आत घेतात.

अजून एक, जे खूप जणांना कोणी सांगतच नाही. वॉरंटी गाडी बनवणाऱ्या कंपनीची असते, ज्या डीलरकडून घेतली त्याची नाही. पारोळ्याहून जळगाव जमत नसेल तर धुळे, नाशिक, संभाजीनगर, कुठल्याही अधिकृत सेंटरला नेता येते. गाडी बंद पडली की ओळखीच्या मेकॅनिकला बोलवायच्या आधी कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन लावा, त्यांची नोंद कंपनीच्या कॉम्प्युटरला राहते आणि ती डीलरला पुसता येत नाही. कस्टमर केअरला ईमेल करा, त्यात सगळ्या जॉबकार्डचे नंबर टाका आणि कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरने टेक्निशियनसोबत गाडी स्वतः चालवून बघावी अशी मागणी करा. चेसिस नंबर टाकून कंपनीच्या साइटवर रिकॉल (दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावणं) आहे का ते पण बघून घ्या.

प्रश्न : केळीच्या मळ्यात गाडी उभी असते. उंदराने इंजिनमधल्या वायरी कुरतडल्या, सेंटरवाले म्हणतात अख्खं हार्नेस (वायरींचा जुडगा) बदला, वॉरंटीत बसत नाही. एवढा खर्च करायचा का?
— एक वाचक, रावेर

उत्तर : दादा, उंदराचं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही, त्यावर भांडू नका. विमा कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर काही खोलायच्या आधी विमा कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत फोटो काढून वायरी आहे तशा ठेवा. अख्खं हार्नेस प्रत्येक वेळी लागत नाही, दोन-चार साध्या वायरी असतील तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन त्याच जाडीची वायर घेऊन, नीट जोड मारून, हीट श्रिंक नळी चढवून देतो. नुसती टेप गुंडाळलेला जोड घेऊ नका. मात्र एअरबॅगची लाइन, जिचे कनेक्टर सहसा पिवळे असतात, तिला बाहेर हात लावू देऊ नका. आणि पिळलेली वायरींची जोडी तुटली असेल तर जोडल्यावर पीळ तसाच राहायला हवा. मळ्यात उभी करता तर रात्री गाडीत केळी, शेंगदाणे, पोरांचा खाऊ काही ठेवू नका आणि एक दिवसाआड बोनेट उघडून बघत जा, पहिली लेंडी दिसली तेव्हाच लक्ष दिलं तर वायरी वाचतात.

प्रश्न : सव्वा वर्षाची गाडी, सतत सेंटरमध्ये. मला आता रिपेअर नको, नवीन गाडी पाहिजे. ग्राहक मंचात गेलो तर मिळेल का? वकील लागतो का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : मिळेलच असं मी सांगणार नाही. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका गाडीच्या प्रकरणात म्हटलं होतं की पार्ट बदलून काम होत असेल तर अख्खी गाडी बदलून द्यायचा आदेश बरोबर नाही. म्हणजे उत्पादनातच दोष आहे आणि तो दुरुस्तीने जात नाही हे तुम्हाला दाखवावं लागतं. त्यासाठी तज्ज्ञाचा रिपोर्ट मागता येतो, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम 38 खाली ग्राहक आयोग (तुम्ही म्हणता तो मंचच) तपासणी करून घेऊ शकतो. म्हणून तक्रारीत पर्याय ठेवून मागा : गाडी बदलून द्या, नाहीतर पैसे परत, नाहीतर दोष कायमचा दूर करून वॉरंटी वाढवा, आणि मनस्तापाची व खर्चाची भरपाई. सेवेतली त्रुटी सिद्ध करणं त्या मानाने सोपं असतं, जॉबकार्डच बोलतात.

त्याच्या आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, फुकट आहे, बरीच प्रकरणं कंपनीला तिथून विचारणा गेली की हलतात. मग डीलर आणि कंपनी दोघांना नोटीस, स्पीड पोस्टाने, पोच घेऊन. दोघांनाही पार्टी करा, नाहीतर हा त्याच्याकडे बोट दाखवेल आणि तो याच्याकडे. गाडीची दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि आता तुम्ही जिथे राहता तिथे दाखल करता येते, म्हणजे नंदुरबारलाच, मुंबईला जायची गरज नाही. फी 5 लाखांपर्यंत काहीच नाही, 10 लाखांपर्यंत 200 रुपये, 20 लाखांपर्यंत 400. ऑनलाइन पण होतं. वकील सक्तीचा नाही, पण दोष सिद्ध करायचा असला तर असलेला बरा. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, त्यामुळे डीलरच्या "बघू साहेब, पुढच्या आठवड्यात" मध्ये ती घालवू नका.

प्रश्न : मोबाइलला जोडायचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या पोर्टला लावून कोड वाचणारा) ऑनलाइन घेतला तर चालेल का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : कोड वाचायला घ्या, जरूर घ्या. लाइट लागला की लगेच स्क्रीनशॉट काढायचा आणि ईमेलला जोडायचा. पण ॲपमधलं क्लिअरचं बटण दाबायचं नाही, तुमचाच पुरावा जातो. स्वस्तातले स्कॅनर बऱ्याचदा फक्त इंजिनचे कोड दाखवतात, एबीएस-एअरबॅगचे नाही, तेवढं लक्षात ठेवून घ्या. आणि काम झालं की काढून ठेवा, पोर्टला तसाच लावून ठेवला तर तो रात्रभर करंट खातो.